दळणावरच्या चिमण्या

पहिली चिमणी पडली तेव्हा सुरैयाला वाटलं, उन्हानं पडली असेल.

एप्रिल उतरणीला लागला होता. तलवाड्यात सकाळी नऊलाच पत्रे तापू लागत, आणि तिच्या पिठाच्या गिरणीवर तर नुसते पत्रेच होते. दुपारच्या वेळी चिमण्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून जरा लांब धरून आढ्याच्या पाइपावर गप्प बसत, हे ती दरवर्षी पाहायची. पण हा नर नऊ वाजताच पडला. डोक्यावर राखाडी टोपी, कानामागं तांबूस पट्टा, गळ्याखाली काळा डाग. दाणे टिपता टिपता तो एकदम कलंडला, पंख आपटत जमिनीवर गोल फिरला आणि पायाची नखं आवळून पडून राहिला. शेपूट तेवढी थरथरत होती.

सुरैयानं त्याला ओंजळीत घेतलं, चोचीला पाण्याचा थेंब लावला. चोचीतून लाळेची तार लोंबत होती. चिमणीची लाळ गळताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बघता बघता तो तिच्या हातातच ताठ झाला.

बेचाळीस वर्षांची सुरैया गेली सतरा-अठरा वर्षं ही गिरणी चालवत होती. घराची पुढची खोली म्हणजे गिरणी, आणि रस्त्यापलीकडं तिच्या नवऱ्याचं, इसाकचं, मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज. गावात स्लॅबची घरं होत गेली तशा चिमण्यांनी एकेक गल्ली सोडली. स्लॅबच्या घराला ना वळचण, ना फट. सुरैयाच्या गिरणीला मात्र फटीच फटी होत्या, आणि खाली बारा महिने सांडलेलं धान्य. त्यामुळं पंचवीस-तीस चिमण्या तिथंच मुक्कामाला असत. दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारत दळणाच्या डब्यांमधून फिरायच्या, भिंतीकडेच्या मातीत खळगा करून अंघोळ केल्यासारखं अंग घुसळायच्या, दिवस मावळला की समोरच्या बोरीवर असा गलका करायच्या की फोनवरचं बोलणं ऐकू येऊ नये. नर तर इतके भांडखोर की दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या आरशात स्वतःलाच बघून चोची मारत बसत. इसाक वैतागून आरशांवर फडकी बांधायचा. "तुझे पाव्हणे आवर," असं बायकोला ओरडायचा.

मीटरच्या जुन्या फळीमागं एका मादीनं घरटं केलं होतं. गवत, सुतळीचे धागे, कोंबडीची पिसं, कशातलंही काही. मादी दिसायला अगदी साधी, मातकट, डोळ्यावरून एक फिकट रेघ गेलेली, बस. घरट्यात तीन पिल्लं होती. मेलेला तो नर त्यांचा बाप नव्हता. बाप डाव्या पंखात एक पांढरं पीस असलेला होता, आणि तो वर तारेवर बसून ओरडत होता.

साडेनऊपर्यंत आणखी चार पडल्या. दोन नर, दोन माद्या. एक तर दारातच, उडायच्या बेतात असताना.

सुरैया उठली. तिनं चिमण्यांच्या पाण्याचं भांडं हुंगलं. सकाळी तेच पाणी तिच्या शेळीनं प्यायलं होतं, आणि शेळी दारात निवांत रवंथ करत होती. म्हणजे पाणी नव्हे. वायरीचा झटका म्हणावा तर लाईट आठलाच गेलेली. मग तिच्या मनात आलं, कुणी भाजीवर औषध मारलं असेल, त्या मेलेल्या अळ्या यांनी खाल्ल्या असतील. पाठीमागं वांग्याचं वावर होतंच.

ती फळीजवळ गेली आणि कान दिला. पिल्लं चिवचिवत होती, चांगली जोरात. तेवढ्यात मादी आली. चोचीत हिरवी अळी होती. ती आत गेली, पिल्लांचा आवाज वाढला, मादी बाहेर आली, पुन्हा वांग्याकडं उडाली. सकाळपासून तिच्या अशा वीस तरी खेपा झाल्या असतील.

सुरैया तिथंच थांबली. पिल्लांना चिमण्या दाणा भरवत नाहीत. पंख फुटेपर्यंत त्यांना अळ्या, किडे, असलंच मऊ काहीतरी लागतं. दाणा खातात त्या मोठ्या. अळ्यांत विष असतं तर आधी पिल्लं गेली असती. पिल्लं जिवंत होती आणि मोठ्या मरत होत्या.

तिची नजर खाली गेली. धान्य ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्याखाली सकाळच्या दळणाची ज्वारी सांडलेली होती.

त्याच वेळी मादी परतली. या खेपेला पिल्लांकडं न जाता ती खाली उतरली, स्वतःच्या पोटाला दोन दाणे बघायला. "हाड! हाड!" सुरैया ओरडत धावली, हातातला खराटा आपटला. मादी भुर्रकन उडाली खरी, पण तोवर तिनं तीन-चारदा चोच मारली होती. पाइपावर जाऊन बसली. थोड्या वेळानं पाइपावरची पकड सुटली आणि ती मीटरच्या बरोब्बर खाली येऊन पडली.

सुरैया गुडघ्यावर बसली आणि सांडलेली ज्वारी बोटांनी पांगवू लागली. पांढरे दाणे, कोंडा, काडीकचरा. आणि मध्येमध्ये रेतीएवढे बारीक, जांभळट कण. चिमण्या दाण्याबरोबर मातीतली खर, म्हणजे बारीक खडेही गिळतात, दाणा पोटात दळला जावा म्हणून. त्यांनी हे कण खर समजून उचलले होते. सुरैयानं एक कण कागदावर घेऊन उजेडात धरला. तिच्या भावाचा ऊस होता. लागणीच्या वेळी सरीत टाकायचं असलं दाणेदार औषध तिनं त्याच्याकडं पाहिलं होतं. ते टाकताना भाऊ तोंडाला फडकं बांधायचा, आणि त्या दिवशी लेकरांना वावरात येऊ द्यायचा नाही.

सकाळपासून एकच दळण झालं होतं. दोन पोती ज्वारी. राधाकिशन अण्णांच्या नातवाचं आज जावळ होतं, कॅनॉलपलीकडच्या मळ्यात तीनशे माणसांचं मटण-भाकरीचं जेवण. पोती त्यांचा गडी नाथा घेऊन आला होता. त्यानंच ती नरसाळ्यात ओतली, त्यानंच पीठ भरून नेलं. आणि पंगत साडेअकराला बसणार होती.

घड्याळात साडेदहा झाले होते.

खरं सांगायचं तर सुरैया लगेच धावली नाही. आधी तिनं गिरणीचं दार अर्धं ओढून घेतलं. चिमण्या कापडी पिशवीत भरल्या. परसात खड्डा खणून पुरून टाकाव्यात, खालची ज्वारी झाडून उकिरड्यावर न्यावी, आणि कुणी विचारलं तर मला काय ठाऊक म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पुढं कितीतरी दिवस तिला त्या दहा मिनिटांची लाज वाटत राहिली. पण भीती खोटी नव्हती. राधाकिशन अण्णा म्हणजे पंचायत समितीत बसलेला माणूस. त्याच्या घरच्या जेवणात विष निघालं, आणि ते सांगायला कोण आलं, तर पीठ दळून देणारी सुरैया.

मीटरच्या मागं पिल्लं ओरडत होती. आता त्यांना भरवायला एकटा बाप उरला होता.

तिनं नाथाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. अण्णांचा नंबर लागतच नव्हता. तिनं जांभळ्या कणांसकट मूठभर ज्वारी कागदात बांधली, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये गेली.

इसाकनं सगळं ऐकून घेतलं. हातातला पाना त्यानं खाली ठेवला नाही.

"नक्को जाऊ," तो म्हणाला. "गिरणी कुणाची? तुझी. दळलं कुणी? तू. पोलीस आधी कुणाला इचारतील?"

"लोकं खातील ना ते."

"आन त्यांनी म्हनलं, तुमीच मिसळलं, मग? तू कुठं राहतीस, तुझं नाव काय, समद्यांना म्हाईत हाय, सुरैया. दिवस कसले हाईत बघतीस ना? आपल्याला दोन लेकी हाईत."

"तिथं बी लेकरंच हाईत," सुरैया म्हणाली. "तू न्हाई आलास तर मी चालत जाते. पर पोचायला उशीर झाला, तर मला जन्मभर झोप लागायची न्हाई, आन तुला बी."

इसाकनं पाना खाली ठेवला. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून त्यानं दुरुस्तीला आलेली एक गाडी ओढली आणि किक मारली. गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली. कॅनॉलच्या पुलाशी वाळूचा ट्रॅक्टर आडवा लागला होता. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. इसाकनं हॉर्न दाबून धरला. ड्रायव्हरनं हातानंच थांबा म्हणून खुणावलं. सुरैया उतरली, ट्रॅक्टर आणि कठड्याच्या मधल्या सांदीतून पिशवी छातीशी धरून पलीकडं गेली आणि पळत सुटली. मागून इसाकनं गाडी कशी काढली ते तिला कळलंच नाही. दोनशे पावलांवर त्यानं तिला गाठलं आणि मागं बसवलं.

मळ्यात मांडव होता. स्पीकर वाजत होता, म्हणूनच कुणाला फोन ऐकू येत नव्हता. पंगतीच्या पट्ट्या अंथरून झाल्या होत्या, पहिली रांग बसायला लागली होती. लिंबाखाली चार चुलींवर बायका भाकरी थापत होत्या, आणि त्यांच्या शेजारी धुतलेल्या चादरीवर भाकरींच्या चवडी, एकावर एक, हातभर उंचीच्या.

एक पाच-सहा वर्षांची परकरातली पोर चवडीतली भाकरी घेऊन निघाली होती. तिनं तुकडा मोडला आणि तोंडाकडं नेला.

सुरैयानं धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. भाकरी मातीत पडली. पोरीनं मोठ्यानं भोकाड पसरलं.

ती अण्णांची नात होती, संस्कृती. ज्याचं जावळ होतं त्याची मोठी बहीण. चुलीपुढच्या बायका उठल्या. कुणीतरी "ए, काय करतीस गं!" म्हणून ओरडलं. स्पीकर बंद झाला.

"भाकर खाऊ नका," सुरैया म्हणाली. तिला धाप लागली होती. "कुणीच खाऊ नका. पिठात इख हाय."

राधाकिशन अण्णा पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला फेटा, पाहुण्यांच्या घोळक्यातून पुढं आले. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस. आधी त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतलं, मग विचारलं, "काय म्हनलीस?"

सुरैयानं पिशवी जमिनीवर उलटी केली. सहा चिमण्या बाहेर पडल्या. कागद उघडून तिनं ज्वारी पुढं धरली. सकाळी काय काय झालं ते ती सांगू लागली, पण घाबरल्यामुळं मागचं पुढं होत होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तिला विश्वास दिसत नव्हता.

"चिमण्या मेल्या म्हनून माझ्या पाव्हण्यांना उपाशी उठवू?" अण्णांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "उन्हानं पाखरं मरत्यातच."

"उन्हानं मेली असती तर पिल्लं आधी मेली असती, अण्णा. पिल्लं दाना खात न्हाईत. दाना खानारेच मेले."

मागून एक तरणा माणूस म्हणाला, "आन समजा हाय इख, तर ते गिरणीतच पडलं असंल की. आमच्या घरची जवारी चांगली व्हती."

"कुणी टाकलं ते बी इचारा," दुसरा म्हणाला.

इसाक एक पाऊल पुढं आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. दोघांच्या भोवतीचं कडं जरा आवळलं.

तेवढ्यात अण्णांची आई काठी टेकत मांडवातून आली. केशरबाई. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर आडवं हिरवं गोंदण. घोळका तिला वाट देत गेला. ती कुणाशी बोलली नाही. वाकली, मेलेल्या मादीला उचलून तळहातावर घेतलं, अंगठ्यानं तिची चोच उघडून बघितली. मग सुरैयाच्या हातातला कागद घेऊन जांभळे कण बघितले.

"नाथा कुठं हाय?" तिनं विचारलं.

नाथा पाण्याच्या टँकरपाशी उभा होता. तो हलला नाही.

"नाथा, हिकडं ये. पोती तूच नेलती का न्हाई? ह्यात काय हाय?"

"मला काय ठावं, आई," नाथा म्हणाला. पण त्याचे ओठ सुकले होते.

त्याच वेळी चुलीकडून एका बाईनं हाक मारली, "अवो, हिला बघा! संगीताला बघा!"

नाथाची बायको संगीता सकाळी नऊपासून भाकरी थापत होती. लिंबाच्या बुंध्याला टेकून ती बसली होती, डोकं खाली घालून. तोंडाला पदर लावलेला, आणि पदर ओला झालेला. सुरैया तिच्याजवळ पोचली तेव्हा ती घामानं भिजली होती आणि दंडाचं मांस आपोआप उडत होतं. सुरैयानं तिची हनुवटी वर केली. भर उजेड असला तरी कुणाच्याही डोळ्यातली बाहुली एवढी बारीक होत नाही. मोहरीएवढी झाली होती.

"काय खाल्लंस गं?"

"आर्धी भाकर… मिठासंगं," संगीता कशीबशी बोलली. "सकाळपून पोटात काय नव्हतं. मघाशीच खाल्ली… डोळ्याला नीट दिसंना." आणि तिला मोठी ओकारी झाली.

नाथा धावत आला. बायकोकडं बघितलं आणि तो मातीतच बसला.

"मालक, औषिद हाय ते," तो रडत म्हणाला. "उसाचं. कोठीत फळीवर पिशवी व्हती, उंदरानं कुरतडली. परवा बघतो तर खाली जवारीच्या पोत्यावर समदं सांडलेलं. पोत्याचं तोंड उघडंच व्हतं. मी वरवर झाडून काढलं. मला वाटलं, निघालं समदं."

"सांगितलं कावून न्हाई?" अण्णा म्हणाले.

"पिशवी मीच ठिवलती वर. तुमी म्हनला व्हता शेडमधी ठीव म्हनून. तुमी हाकलून दिलं असतं मला."

अण्णांचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता मारणार. हात तसाच थांबला, मग खाली आला. कडेवरची संस्कृती आता रडायची थांबली होती आणि आजोबाच्या फेट्याच्या शेवटाशी चाळा करत होती. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मातीत पडलेल्या भाकरीकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"गाडी काढा," ते ओरडले. "माझी गाडी काढा! अजून कुणी खाल्लीय? लेकरांनी खाल्लीय का? इचारा, एकेकाला इचारा!"

मग जी धावाधाव झाली ती सुरैयाला नंतर तुकड्यातुकड्यानंच आठवायची. आया लेकरांची तोंडं उघडून बघत होत्या. एका म्हाताऱ्यानं दोन घास खाल्ले असं निघालं, त्यालाही गाडीत बसवलं. केशरबाईनं आचाऱ्याला पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "रश्श्याला येसूर कुठलं लावलं? आजच्या पिठाचं?"

आचारी गडबडला. मसाल्यात दळलेलं भाजक्या धान्याचं ते पीठ लावल्याशिवाय इकडं रश्श्याला दाटपणा येत नाही. "न्हाई आई," तो म्हणाला, "येसूर मागल्या महिन्यात केलेलं हाय, डब्यातलं. डबा दावतो." त्यानं डबा आणून दाखवला तेव्हा कुठं लोकांनी श्वास सोडला.

संगीताला घेऊन अण्णा स्वतः गेवराईला तालुक्याच्या दवाखान्यात गेले. केशरबाईकडून ज्वारीचा कागद घेऊन सुरैयानं तो नाथाच्या खिशात कोंबला. "डाक्टरला आधी हे दाव," ती म्हणाली. "काय खाल्लं ते कळलं की इलाज लवकर व्हतो." गाडी धुरळा उडवत गेली. केशरबाईनं उरलेल्यांना भातावर जेवून जायला सांगितलं. काही जेवले, बरेच तसेच उठून गेले. भाकरी आणि उरलेलं पीठ चार माणसांनी मळ्याच्या कोपऱ्यात खोल खड्ड्यात घालून वर माती लोटली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटे टाकले.

दवाखान्यात संगीताला सुईमागून सुई द्यावी लागली. पहिली रात्र तिची काही खात्री नव्हती. म्हातारा दुसऱ्याच दिवशी चहा मागू लागला, पण संगीताला उठून बसायला चौथा दिवस उजाडला. आठव्या दिवशी ती घरी आली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धी भाकर पोटात गेली असती तर आमच्यानं काही झालं नसतं.

सुरैयानं त्या दिवशी घरी आल्याबरोबर गिरणी खोलली. इसाकनं दगड उतरवून दिले. दोघांनी ते तीन पाण्यांनी धुतले, जमीन खरवडून काढली, खरवडलेली माती लांब पुरली. मीटरच्या फळीखाली ती रोज उकडलेल्या अंड्याचा चुरा ठेवायची. पांढऱ्या पिसाच्या नरानं पिल्लांसाठी जिवाचं रान केलं. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, उरलेली दोन आठवडाभरानं पंख फुटून बाहेर पडली.

पण गिरणीवर माणूस फिरकेना.

झालं असं की बातमी लिहायला आलेल्या एका माणसाला अण्णा म्हणाले होते, "दळणात काहीतरी मिसळलं गेलं." ते खोटं नव्हतं. पण गावानं त्यातलं 'दळणात' तेवढं ऐकलं. बायका डबे घेऊन सुरैयाच्या दारावरून खालच्या आळीच्या गिरणीकडं जाऊ लागल्या, तिच्याकडं न बघता. कुणीतरी रात्रीतून तिच्या दारावर कोळशानं कवटी काढून ठेवली. इसाकनं ती पुसली. 'मी म्हनलो नव्हतो का' असं तो म्हणाला नाही. पण त्याच्या गॅरेजवरही गाड्या कमी आल्या, आणि एकदा जेवताना तो भाकरीकडं बराच वेळ बघत बसला.

"तू जाऊन अण्णाला सांग," तो म्हणाला. "खरं काय ते त्यानं चार माणसांत बोलावं."

"मी न्हाई जायची," सुरैया म्हणाली. "एकदा गेले तेवढं पुरे."

पंधराव्या दिवशी तलवाड्याचा बाजार होता. सकाळी दहाचा सुमार, रस्ता माणसांनी फुललेला, आणि अण्णांची गाडी येऊन गिरणीसमोर थांबली. केशरबाई उतरली. पाठोपाठ संगीता, अजून चेहरा उतरलेला, पण पायावर उभी. नाथानं डिकीतून ज्वारीचं पोतं काढून पायरीवर ठेवलं. केशरबाई त्या पोत्यावरच बसली, रस्त्याकडं तोंड करून.

"सुरैया," ती मोठ्यानं म्हणाली, आवाज पार समोरच्या भाजीवाल्यांपर्यंत जावा असा, "घाल दळायला. इख आमच्या कोठीत व्हतं, तुझ्या गिरणीत नव्हतं. माझ्या लेकानं ते सांगायला पायजे व्हतं, त्याला धीर झाला न्हाई. म्हनून मी आले."

बाजारात जाणारी माणसं थबकली. सुरैयानं पदरानं डोळे पुसले, आत जाऊन सूप आणलं आणि पोत्याचं तोंड सोडून त्यातली दोन ओंजळ ज्वारी सुपात घेतली. उजेडाकडं तोंड करून ती दाणा दाणा बघू लागली.

केशरबाईच्या भुवया वर गेल्या. "का गं? माझ्यावर इस्वास न्हाई?"

"तुमच्यावर हाय, मावशी," सुरैया मान वर न करता म्हणाली. "धान्यावर न्हाई. आता कुनाचं बी दळन आलं तर निवडल्याबिगर घालनार न्हाई."

केशरबाई हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू. "बरं केलंस," ती म्हणाली. "दुसरं सूप हाय का? दे हिकडं."

ती पायरीवर सुरैयाच्या शेजारी सरकून बसली. संगीताही येऊन बसली. तिघी ज्वारी निवडू लागल्या. नाथा आत गेला आणि त्यानं मीटरजवळचा खटका खाली ओढून बघितला. लाईट होती.